शार्कचा सिनेमा आणि वस्तऱ्याचं मौन

त्या न्हाव्याला अख्खी गल्ली वस्तरा म्हणायची, आणि ते काही हातातल्या हत्यारावरून नव्हे बरं का! नवा सिनेमा लागला की पहिल्याच खेळाला हा हजर. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता सिनेमाची अशी सालटी काढायचा की लोक दाढीपेक्षा त्यासाठीच जास्त यायचे. त्याचं ऐकावं, मगच तिकीट काढावं, अशी गल्लीची रीतच पडून गेली होती.

आणि नेमका शार्कचा सिनेमा लिहिला तो त्याच्या भाच्यानं! भाच्याची आई म्हणजे वस्तऱ्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच वस्तऱ्याला लहानाचा मोठा केला. सिनेमा लागायच्या आधीच ती दुकानात येऊन बजावून गेली, "माझ्या लेकाबद्दल एक वाकडा शब्द काढलास, तर तुझं-माझं बोलणं बंद. कायमचं."

वस्तरा सिनेमा बघून आला. सकाळी दुकान उघडलं. शेजारचा शिंपी खुर्चीत टेकला.

"काय रे, कसा आहे शार्क?"

"मान वर कर."

"अरे, पण सिनेमा?"

"हलू नकोस, कापेल."

शिंपी आरशातून बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "बाप रे! इतका वाईट?"

झालं! भिकार सिनेमालाही तासभर शिव्या घालणारा वस्तरा गप्प बसलाय, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुपारपर्यंत तिकिटाच्या खिडकीवर चिटपाखरू फिरकेना. तशी ताई चपला फटफटवत दुकानात शिरली. शिंपी अजून तिथंच, मजा बघायला थांबलेला.

"मुकाट बसून माझ्या पोराचं वाटोळं केलंस!"

"तूच म्हणालीस ना ताई..."

"वाकडं बोलू नको म्हणाले. दातखीळ बसवून घे म्हणाले होते का? बोल! काय असेल ते ओक एकदाचं!"

मग काय, बांधच फुटला. "ती पोरगी खडकावर अडकलेली. पायाचा लचका गेलाय. आणि बया रडते कशाला, तर नवरा वाढदिवस विसरला म्हणून! तोवर शार्क काय करतो? नव्या जावयासारखा बाजूला बसून ऐकतो! बाकीच्या चौघांना एकदाही न चावता गिळलं मेल्यानं, मग हिच्याच वेळी पोट बिघडलं? वर पाण्याखालून डरकाळी! अगं, मासा आहे की वाघ? किनारा एवढा जवळ की हाक मारली तर चहा घेऊन कोणी येईल, आणि हिला कोणी बघत नाही! शेवटी त्याला मारलं कशानं? केसांतल्या पिनेनं! मी घाबरायला गेलो होतो ताई. अर्ध्यातच शार्कच्या बाजूचा झालो. म्हटलं, खा बाबा हिला, सगळेच सुटू!"

शिंपी हसून हसून खुर्चीतून घसरला. ताईचा चेहरा लालबुंद. वस्तऱ्याला वाटलं, आता ही निघून जाणार आणि जन्मात परत बोलणार नाही.

"आणि तिचे केस?" ताई म्हणाली.

"केसांचं काय?"

"दोन दिवस खाऱ्या पाण्यात, आणि केस कसे? आत्ताच धुऊन वाळवल्यासारखे! थेटरात मी पोराला हे सांगायला गेले, तर मलाच म्हणतो, आई, गप्प बस, भीतीचा प्रसंग आहे!"

ती रिकाम्या खुर्चीत बसली. "संध्याकाळी जेवायला ये. हे सगळं त्याच्या तोंडावर बोल, एक शब्द गाळू नकोस. केसांचं मात्र मी बोलणार. त्या मुद्द्याला तू हात लावायचा नाही."