दादाने भरून ठेवलेल्या बॅटऱ्या

बहुतेक रविवारी उजाडताना माझा फोन वाजायचा. अकोल्याहून दिनूदादा. "कुंदे, वारा नाही." बस्, एवढंच. मी अमरावतीत, आठवडाभर कोर्टात घसा फोडून दमलेली, एका रविवारच्या झोपेची भुकेली. "मग मी काय करू? वारा सोडू का तुह्या मैदानावर?" असं काहीतरी खेकसून मी फोन ठेवायची आणि तो तिकडे खुशीत आपलं रिमोटचं विमान घेऊन निघायचा. वारा पडलेला असला की त्याला कोणाला तरी सांगावंसं वाटे आणि वहिनींना त्यात काडीचा रस नव्हता, म्हणून ही बातमी नेहमी माझ्याकडे यायची. त्या रविवारीही फोन आला. मी 'हॅलो' न म्हणताच सुरू झाले, "नाही ना वारा? मग जा, उडव. मले झोपू दे." तिकडून शीलावहिनींचा आवाज आला, अगदी हळू... "कुंदाबाई, हे उठून नाही राहिले."

अकोल्याला पोचेपर्यंत मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडतच होते. असं कसं कोणी झोपेत जातं, न सांगता, न भांडता? मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा खिडकीतून मी झाडांकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं. विमानासाठी याहून चांगली सकाळ मिळाली नसती. तेव्हा मला रडू फुटलं आणि गाडी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याने वेग कमी केला.

दादाचं जठारपेठेत औषधांचं दुकान होतं. पस्तीसेक वर्षं तो त्या काउंटरच्या मागे उभा राहिला. माणूस इतका टापटिपीचा की गिऱ्हाईकाने गोळीचं अर्धं नाव उच्चारलं की याचा हात न बघता नेमक्या खणात जायचा. पाकिटावर गोल अक्षरात लिहून द्यायचा, 'जेवणानंतर', 'दुधासोबत नको'. घरीही तेच. मिठाच्या बरणीवर 'मीठ' लिहिलेलं. वहिनी वैतागायच्या. "अहो, मले माहीत हाय ते मीठ हाय म्हणून!" पण चिठ्ठी त्यांनी कधी काढली नाही.

विमानाचं वेड मात्र लहानपणचं. आमचं मूळ गाव हिवरखेड. आम्ही लहान असताना कापसावर फवारणी करायला एक विमान आलं होतं, इतकं खालून गेलं की वाऱ्याने माझं परकर-पोलकं उडालं. दादा त्याच्यामागे धुऱ्याधुऱ्याने, शेताच्या बांधावरून पळत सुटला आणि त्याच्यामागे मी. मी काट्यात पडले, गुडघा फुटला, बोंबलले. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढे मी त्याला आयुष्यभर त्यावरून टोमणे मारले. तो म्हणायचा, "तू तं रोजच पडत होती वं, विमान रोज येते का?" शिक्षण, दुकान, लग्न, लेकीचं शिक्षण... ते सगळं आटोपून लेक हैदराबादला नोकरीला लागली, तेव्हा कुठे त्याने पन्नाशीत पहिलं विमान बनवलं. फोमच्या शीटचं, पुढे एवढीशी मोटर, हातात रिमोट. पहिल्याच रविवारी ते बाभळीत अडकलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा त्याच बाभळीत. "त्या बाभळीशी काही सोयरीक जमवली का?" असं मी विचारलं तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

या विमानांच्या बॅटऱ्या मोबाईलच्या बॅटरीच्या नात्यातल्या, पण फार तापट. जास्त भरली, टोचली, उन्हात तापली की फुगते, आणि फुगली की कधी पेट घेईल सांगता येत नाही. "तुह्यासारखी हाय," दादा मला म्हणायचा. "कामाची, पण डोकं गरम." आणि अकोल्याचा उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे माणसं फुगायची बाकी राहतात, बॅटरीची काय कथा. सुरुवातीला तो त्या कापडी पिशवीत टाकून पलंगावर ठेवायचा. टापटिपीच्या माणसाची एवढी एकच ढिलाई, आणि तीच भोवली. एका दुपारी गादी पेटली. वहिनींनी पाण्याची बादली ओतली, गादी ओढत अंगणात नेली आणि धुराने काळ्या झालेल्या तोंडाने त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "या घरात एक तं त्या बॅटऱ्या राहतीन, नाही तं मी."

दादाने पेटी केली ती त्या दिवसानंतर. त्याच्या दुकानात येणारे औषध कंपनीचे एक प्रतिनिधी, एमआर, निवृत्त होताना औषधांचे नमुने फिरवायची आपली ॲल्युमिनियमची बॅग त्याला देऊन गेले होते. ती त्याने पोटमाळ्यावरून काढली. आतली जुनी वेलवेट खरवडून काढली. सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे घासून घासून त्याने प्रत्येक बॅटरीसाठी वेगळा कप्पा केला, एक पेटली तरी शेजारणीला झळ लागू नये म्हणून. मधल्या जागी चार्जर, खाली मोठी बॅटरी, म्हणजे मैदानावर वीज नसली तरी चालेल. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा कडेला बसवला. वायरी अशा वळवल्या की एक दुसरीला ओलांडणार नाही. सगळ्यात कमाल म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूला स्कूटरच्या हेडलाइटचा बल्ब. मी विचारलं, "हा कायले? रात्री विमान शोधाले?" तर त्याने मला औषध समजावतात तसं समजावलं. बॅटरी उडवायच्या आदल्या संध्याकाळी भरायची. वाऱ्यामुळे उडवता नाही आली तर तशीच ठेवायची नाही, बल्ब लावून तिच्यातली वीज उतरवायची, पण अर्धीच. पुरी भरून ठेवली तर फुगते, पुरी रिकामी केली तर मरते. अर्ध्यावर आली की बझर वाजतो, तेव्हा पिन काढायची. झाकणावर त्याने चिठ्ठीही चिकटवली होती, दुकानातल्यासारखी. 'थंड जागी ठेवा. भरलेली ठेवू नका. उडवा, नाही तर उतरवा.' आणि खाली, 'लहान मुलांपासून व वकिलांपासून दूर ठेवा.' मी पेटी पाहिली आणि म्हटलं, "विमान आठ आण्याचं, पेटी रुपयाची." मनातून मात्र चाट पडले होते. तेव्हा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं... आता म्हणते. फार सुंदर पेटी होती ती.

ती पेटी घेऊन तो एकदा माझ्याकडे निघाला, आम्हाला गुरुकुंज मोझरीला जायचं होतं आणि वाटेत मोकळं रान बघून विमान उडवायचा त्याचा बेत. बडनेरा स्टेशनवर एका हवालदाराने त्याला थांबवलं. थांबवणारच. वायरी, लाल दिवा, मध्येच 'टीं' आवाज. दादाचा फोन आला, "कुंदे, काळा कोट घालून ये." मी पोचले तर काय, दादा बाकावर बसून पेटी उघडून दाखवतोय आणि हवालदार मन लावून ऐकतोय. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, अतंकवादी इतक्या साफसुफीनं काम नसते करत." आणि स्वतःचा मोबाईल त्याच पेटीवर चार्ज करून घेतला. मी कोट घालून उगाच आले. मोझरीच्या वाटेवर विमान उडालं, आणि बाभळ नसलेल्या रानातही ते एका म्हशीच्या पाठीवर उतरलं, ही गोष्ट दादाने मला कोणाला सांगू दिली नव्हती. आज सांगते.

वहिनींचं आणि त्या पेटीचं मात्र कसं काय जमलं, ते मी हळूहळू पाहिलं. दादाला बारीक आवाज ऐकू येईनासा झाला होता. माणसांचं बोलणं ऐकायचा, पण बझरचं ते टीं-टीं त्याच्या कानावरच पडायचं नाही. मान्य मात्र करायचा नाही. वाऱ्याच्या रविवारी संध्याकाळी तो पेटी स्वयंपाकघराच्या दाराशी उघडून बल्ब लावायचा आणि आतल्या खोलीत जाऊन पेपर वाचत बसायचा. वहिनी सुपात तुरीची डाळ घेऊन त्या उजेडात निवडायला बसायच्या. "विमानाच्या धंद्यात एवढीच कमाई झाली आमची," असं म्हणायच्या. बझर वाजला की दादा पेपरातच. मग वहिनी सुपातून मान वर न काढता हाक द्यायच्या, "वाजलं हो!" तो दचकून पेपर खाली ठेवायचा, येऊन पिन काढायचा, दुसरी बॅटरी लावायचा. पुन्हा थोड्या वेळाने, "वाजलं हो!" ज्या बाईने बॅटऱ्या घराबाहेर काढायला सांगितल्या होत्या, तीच त्यांची राखण करत होती. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर वहिनी म्हणाल्या, "मी कोणाची राखण नाही करत. मले घर जळायचं भेव वाटते."

दादाच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, लेकही रजा संपवून हैदराबादला गेली. महिन्याभराने मी पुन्हा अकोल्याला गेले. उन्हं तापायला लागली होती. दादाच्या खोलीत पलंगाखाली पेटी दिसली. मी सहज ओढून झाकण उघडलं. कप्प्यांतल्या चारही बॅटऱ्यांवर हिरव्या चिकटपट्ट्या. हिरवी म्हणजे भरलेली. त्या शनिवारी संध्याकाळी त्याने सकाळसाठी भरून ठेवल्या होत्या त्याच. एक तर फुगून कप्प्यात घट्ट बसली होती.

"वहिनी, हे काय? या उतरवल्या नाहीत?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन झाकण लावलं. "हात नका लावू, कुंदाबाई."

"अहो, पण पेट घेईल! गादी विसरल्या का? तुमी या खोलीत झोपता!"

"झोपते. घेईल तं घेईल."

मी वकील बाई, भांडण हा माझा पोटाचा धंदा. एकेक मुद्दा मांडायला लागले. उन्हाळा, आग, लेक काय म्हणेल, शेजारपाजार. वहिनी पदराचं टोक पिळत ऐकत होत्या. शेवटी माझा तोल गेला. "दादा असता तर अशा भरून ठेवू दिल्या असत्या का?"

"ते असते तं उडवल्या असत्या!" वहिनी ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्यावर ओरडल्या. मग खाली बसल्या, पेटीवर हात ठेवून. "त्यायच्या कपड्याचा वास गेला. दुकान दुसऱ्याच्या हाती गेलं. हे एवढंच राह्यलं, कुंदाबाई. त्यायनं सोताच्या हातानं भरलेलं. हे उतरलं की मंग काय हाय माह्यापाशी?"

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले आणि आम्ही दोघी रडलो. चांगल्या पोटभर रडलो. त्या दिवसापर्यंत पाहुण्यांसमोर रडायचं होतं, जबाबदारीने. हे तसं नव्हतं.

चहा झाला. ऊन उतरलं. वहिनी स्वयंपाकघरात काहीतरी शोधत होत्या, डबे वाजत होते. मी पेटीबद्दल पुन्हा बोलायचं नाही असं ठरवलं होतं. हैदराबादला फोन करावा की काय, या विचारात होते. तेवढ्यात वहिनी सूप घेऊन बाहेर आल्या, त्यात डाळ. दाराशी बसल्या, नेहमीच्या जागी. आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "लावा दिवा."

फुगलेली बॅटरी तेवढी मी जपून उचलून अंगणात वाळूच्या बादलीत ठेवली. तिला आता कशालाच जोडायचं नव्हतं. बाकीच्या तीन. पिन लावताना चुकायला जागाच नव्हती. लालला लाल, काळ्याला काळं, आणि तरीही शेजारी दादाची चिठ्ठी, 'आधी नीट बघ'. बल्ब लागला. घरात दिवेलागणीची वेळ झाली होती, पण वहिनींनी दुसरा दिवा लावला नाही. पिवळा उजेड सुपावर पडला, त्यांच्या हातांवर पडला. डाळ निवडलेलीच होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या एकेक दाणा इकडचा तिकडे करत होत्या. मी बाजूला बसून राहिले. हा उजेड दादाने त्या शनिवारी भरला होता. दुसऱ्या दिवशी वारा नसेल, या भरवशावर.

पहिल्या बॅटरीचा बझर वाजला, मी पिन काढली. हिरवी पट्टी काढली आणि बॅटरी तिच्या कप्प्यात ठेवली, दादाने 'अर्धी' लिहिलेली बाजू वर करून. दुसरीचंही तसंच. तिसरी लावली तेव्हा बाहेर पूर्ण अंधारलं होतं. वहिनी मला हिवरखेडच्या त्या फवारणीच्या विमानाची गोष्ट विचारत होत्या. त्यांनी ती शंभरदा ऐकली असेल, पण दादाच्या तोंडून. मी माझ्या बाजूने सांगत होते, म्हणजे गुडघा फुटल्याची बाजू. वहिनी हसल्या. "हे तं तुमी पडल्याचं सांगतच नव्हते कधी." सांगता सांगता मी इतकी रंगले की वेळेचं भान राहिलं नाही.

टीं... टीं... टीं...

वहिनींनी सुपातून मान वर न काढता, आतल्या खोलीच्या दिशेने हाक दिली, "वाजलं हो!"

आणि मग त्यांचा हात डाळीतच थांबला. आतून कोणी आलं नाही. पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला नाही. बझर वाजतच होता. आम्ही दोघी आतल्या दाराकडे पाहत बसलो होतो.

"हो, वहिनी," मी म्हटलं, "आली मी." आणि उठून पिन काढली.