फरदडीच्या गाठोड्यातला सेनापती

हसायचं ते शेवटी हसा. मधेच हसलात तर मी चहा टाकून उठून जाईन! माझी पाठ अजून ठणकते, आणि त्याला जबाबदार आहे इजिप्तचा एक सेनापती.

घाटंजीकडचा आमचा तांडा. होळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्यात एक रिवाज असतो. नायकाच्या अंगणात दोन खुंट्यांच्या मधे गोडाचा हंडा बांधायचा. बायांनी काठ्या घेऊन तो राखायचा, गड्यांनी मार खात तो पळवायचा. तांड्याचा नायक म्हणजे माझा काका. दरवर्षी ओरडत समोरून धावतो, पाठ शेकून परत येतो आणि सांगतो, "यंदा पाय घसरला!" किती वर्षं घसरतो हो एका माणसाचा पाय?

यंदा होळीच्या आठवडाभर आधीच मी तोंडावर बोललो, "काका, हे युद्ध आहे का गुरं हाकणं? डोकं लावा थोडं."

"बारावी अर्ध्यात सोडून बसला, अन् मले डोकं शिकवते?" काका पेटला. "तूच आन हंडा! आनला तं कालेजाचं नाव काढनार नाही कोनी. नाही आनला तं बारावीचा फॉर्म भरायचा. गपगुमान!"

"मंजूर!" सगळ्या तांड्यासमोर म्हटलं. आता माघार नाही.

कारण माझी योजना तयार होती. मोबाइलवर पाहिलं होतं, हजारो वर्षांपूर्वी त्या सेनापतीला एक शहर घ्यायचं होतं. पठ्ठ्यानं सैनिक टोपल्यांत लपवले आणि टोपल्या नजराणा म्हणून पाठवल्या. वेशीवरच्या येड्यांनी त्या आत घेतल्या! टोपल्या उघडल्या, शहर खलास.

मी टोपलीत मावत नाही. पण कापसाचं गाठोडं? फरदडीचा, म्हणजे शेवटच्या वेचणीचा कापूस रोजच काकाच्या अंगणात उतरतो. संशय कोणाला येणार?

माझा दोस्त सलीम गॅरेज सोडून मालवाहू ऑटो घेऊन आला. राहिली गाठ. ती बांधायला आईला, आमच्या याडीला, बोलावलं.

"याडी, सुरगाठ मार. आतून टोक ओढलं की सुटली पाहिजे."

"मले नोको शिकवू. जलम गेला गाठोडे बांधण्यात. डोकं आत घे."

आत कापूस नाकात, घाम डोळ्यात. पण मनात एकच, हंडा! ऑटो थांबला.

"काकी, फरदड आनली. कुठं ठेवू?" सलीमचा आवाज.

"हंड्याजवळच ठेव, बेटा."

बघा! वेस उघडली! मी श्वास रोखला आणि टोक ओढलं. गाठ हलेना. पुन्हा ओढलं. आणखी घट्ट!

बाहेर राखणीच्या बायांचे आवाज. "काहून गं, लय कचरा दिसते या फरदडीत?"

"मंग झोडपा ना! काठ्या हायेतच हातात."

फरदडीतला कचरा झोडपून काढतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आतून कसं लागतं, ते माहीत नव्हतं.

"अवो, मी हाव! मी हाव!"

"अगं बाई, कापूस बोलून राह्यला!"

"बोलू दे! कचरा निघेस्तोवर झोडा!"

सलीमच्या ऑटोचा आवाज लांब लांब गेला. सैन्य पळालं!

शेवटी कोणीतरी बाहेरून गाठ सोडली. समोर पहिला चेहरा काकाचा. "काय रे, पाय घसरला का?"

दुसरा याडीचा. हातात काठी. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. बायांच्या फळीत दरवर्षी सगळ्यात पुढं कोण असतं? माझीच याडी! मी शत्रूच्या सेनापतीकडून गाठ मारून घेतली होती.

"सुरगाठ सांगितलती ना मी!"

"सांगितलती. मी पक्की मारली." तिनं पदराखालून घडी केलेला कागद काढला. "तुवा पैज मारली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आनला फॉर्म. कर सही."

केली. अंगठा सुजला होता, सही वाकडी आली. पण परीक्षा देणार, पास होणार, आणि पुढच्या होळीला हंडाही आणणार. लिहून ठेवा!

फक्त त्या वेशीवरच्या लोकांना आता मी येडे म्हणत नाही. त्यांना निदान टोपलीत काय आहे ते माहीत नव्हतं. मी तर स्वतःच्या पायांनी गाठोड्यात जाऊन बसलो, आणि वरून गाठ कशी मारायची तेही सांगितलं.