पहिला रिकामा ठोका

आधीच सांगून टाकते, अशा ग्रुपवरचे अनुभव वाचून मोठमोठ्याने हसणाऱ्यांपैकी मी एक. करणी, संचार, साक्षात्कार... माझ्यासाठी हे सगळं म्हणजे परीक्षेतला दहा मार्कांचा प्रश्न. कारण मी बीएला आहे, मेजर समाजशास्त्र आणि मायनर धर्मांचा अभ्यास.

हे मायनर घेतल्यापासून डोक्याला नुसता ताप झालाय. आत्या विचारते, "पौर्णिमा किती वाजता लागते गं?" मला माहीत नाही म्हटलं की, "मग शिकवतात तरी काय?" पप्पांचं वेगळंच — "देवधर्म आमी घरात शिकवला की. त्याला कॉलेज कशाला लागतंय?"

आम्ही तळेगाव दाभाड्याला राहतो, कॉलेज पिंपरीत. पप्पा चाकण रोडवरच्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहेत. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा, हात बाहेर काढायचे, पेडल दाबायचं... की वरून प्रेस धाडकन खाली. मशिनी जुन्या, सेन्सर वगैरे काही नाही.

तिथे एक पद्धत आहे. सकाळी सातच्या शिफ्टला पहिला ठोका रिकामा मारायचा. डायवर पत्रा नाही, आणि सगळ्यांनी हात पाठीमागे घेऊन उभं राहायचं. त्याला म्हणतात 'देवाचा ठोका'. मेंटेनन्सचे सलीमचाचासुद्धा तसेच उभे राहतात. मी प्रोजेक्टला हाच विषय घेतला. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'देवतेचे नाव', आणि अख्ख्या शॉपमध्ये ते एकालाही सांगता येईना!

"पण देव कुठला, चाचा?"

"ते कोण विचारतंय बेटा? मला उस्तादांनी सांगितलं, मी तुझ्या पप्पांना सांगितलं."

शेवटी मी माझ्या अकलेने लिहिलं, की ही मूळची मशीनची तपासणी असावी, देवाचं नाव तिला नंतर चिकटलं असावं. कॉलेजच्या मॅडमनी शेरा मारला, 'हा अंदाज झाला. पुरावा?' इतका राग आला म्हणून सांगू! त्याच संध्याकाळी जेवताना मी पप्पांना म्हणाले, "उद्या एक दिवस तो ठोका मारू नका ना. बाकीचे काय करतात ते मला बघायचंय."

पप्पांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "त्यानं मार्क मिळत्याल?"

"मिळतील."

"बरं."

मीच लिहिलं होतं ती तपासणी आहे म्हणून, आणि मीच ती करू नका म्हणाले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी मी पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर, पप्पांपासून चांगली पंधरा पावलं लांब उभी होते. फोटो काढायचे नाहीत, या अटीवर मालकांनी आत सोडलं होतं. तरी मी वहीआड मोबाइल धरून व्हिडिओ घेत होते. पप्पांनी ठोका न मारता थेट पत्रा घेतला. सलीमचाचांनी मागे घेतलेले हात तसेच ठेवले. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. मी खूश... हाच तर पुरावा!

पाचवा की सहावा पत्रा असेल. पप्पांनी दोन्ही हात आत घातले आणि एकदम मागे फेकल्यासारखे गेले, पार जमिनीवर बसले. त्याच क्षणी प्रेस खाली आली. पेडलवर पाय नसताना.

सलीमचाचांनी मेन स्विच पाडला. मशीन उघडली, तर प्रेसला वर अडवून धरणारी क्लचची स्प्रिंग तुटलेली. "रिकामा ठोका मारला असता तर आवाजावरूनच कळलं असतं," एवढंच ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. मशीनचं सगळं कळलं. पण पप्पा मागे कसे गेले?

ते उठले ते थेट माझ्याकडे आले. "बरं झालं वडलंस पोरी," म्हणाले, "न्हाईतर दोन्ही हात गेलं व्हतं."

मी ओढलं नव्हतं. मी पंधरा पावलं लांब होते.

व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल, देव जाणे. त्यात पप्पांच्या शर्टाची कॉलर मागून ताणली जाते. स्पष्ट दिसते, मुठीत धरल्यासारखी. मागे कोणी नाही. तो इथे टाका म्हणाल, तर टाकणार नाही. पप्पांची नोकरी जाईल. मॅडमना दाखवला, त्या म्हणाल्या, घाबरून माणूस मागे होतोच. मग कॉलर? तिचं मी शेवटच्या पानावर लिहिलंच. प्रोजेक्टवर लिहून आलं, 'निरीक्षण उत्तम. शेवटचे पान वगळावे.' मार्क चांगले मिळाले. त्याचीच जास्त चीड येते.

आणि पप्पा! घरी कोणीही आलं की मला हाक मारून उभं करतात, दोन्ही हात पुढे करून दाखवतात आणि सांगतात, "ह्या पोरीमुळं हायत हे." मी चिडते, रडते, शपथा घेते. पप्पा, मी नव्हते हो. मी तर तुम्हाला ठोका मारू नका म्हणाले होते...

परवा शेवटी व्हिडिओच दाखवला, तर ते शांतपणे म्हणाले, "न्हवतीस ना? मग कोण व्हतं, ते तरी सांग. तू शिकलीस की त्यातलं."

फॉर्ममधला 'देवतेचे नाव' हा रकाना मी रिकामाच ठेवून दिला होता.