चपलेच्या नावाची रोटी

केवळाबाईच्या चुलीपर्यंत आजवर एकाही चपलेची मजल गेलेली नाही. जावई आला तरी त्याची पायताणं पायरीखालीच. आणि इथे सख्खी नात चपलेच्या नावाची रोटी ताटात घालून पुढ्यात ठेवत होती.

चूक निकिताचीच. पुण्याच्या बेकरीत दोन वर्षं राबून पोरगी पूर्णेला परतली. आजीच्या पुढच्या खोलीत तिला बेकरी टाकायची होती. आजीची अट साधी होती, "आधी मला खाऊ घाल. पटलं तर किल्ली घे." निकितानं चियाबात्ता भाजली. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण शिकलेली पोर. चियाबात्ता म्हणजे इटलीत घरात घालायची चप्पल, रोटी तशीच लांबट, चपटी दिसली म्हणून करणाऱ्यानं चाळीसेक वर्षांपूर्वी हे नाव ठेवलं, असं सगळं सांगून बसली.

केवळाबाईनं ताट सरकवलं. "पायातली वस्तू. मी न्हाई खायची."

निकिता खालमानेनं ताट उचलायला लागली, तशी म्हातारीनं ते धरून ठेवलं.

"त्या बाप्याच्या आधीच्या रोट्या गेल्या असतील का गं?"

"गेल्या म्हंजे?"

"नासल्या असतील. मग ही तरी जगावी म्हणून वंगाळ नाव ठेवलं असंल. तुझ्या बापाचं न्हाई का?"

निकिताचे वडील म्हणजे रेल्वेतले दिनकरराव. पण ते कागदावर. दोन लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हा तिसऱ्याला नजर लागू नये म्हणून केवळाबाईनं त्याला दगडू म्हटलं. अजूनही ती चार माणसांत तशीच हाक मारते, आणि दिनकरराव मोबाइल कानाला लावून लांब सरकतात.

"आजे, तिकडं तसलं काय नसतंय."

"तू गेल्तीस का त्याच्या घरी बघायला? तुझ्या किती गेल्या?"

"तीन. लाइट सारखी जायलीय. ही चौथी."

"मग."

केवळाबाईनं तुकडा मोडला, चहात बुडवला आणि उरलेल्या दातांनी सावकाश चघळला.

"त्या दोघांची नावं लय चांगली ठेवली होती मी," ती म्हणाली.

निकितानं आजवर कधी विचारली नव्हती. आता विचारली.

"योगीराज. अन् धाकली शीला."

मग दोघी बराच वेळ एकाच ताटात खात बसल्या. केवळाबाईनं पदराच्या गाठीतली किल्ली सोडून नातीच्या हातावर ठेवली. रोटीत मीठ कमी आहे, हे मात्र तिनं शेवटचा तुकडा संपल्यावरच सांगितलं.