निनावी कॅसेट

हुडको कॉलनीतल्या देवळामागच्या खोलीत एक बाई भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवत होती. ज्यांच्यावर नाव नव्हतं, त्या देवळाची समिती टाकून देणार होती. म्हणून दर्शनाला आलेल्या प्रत्येकाला ती हाताला धरून आत नेई, पेन्सिलीने फीत गुंडाळून कॅसेट लावी आणि विचारी, "हा आवाज कोनाचा हाय, सांगता का?"

मलाही तिने बसवलं. पहिल्याच ओळीला मी आवाज ओळखला.

"ही माझी आई," मी म्हटलं. आई गेल्यापासून तो आवाज मी ऐकलाच नव्हता.

बाई ताडकन उठली. "नाव सांगा, मी लिवून राहिली." पण लिहिण्याआधीच तिने आवाज वाढवला, दार सताड उघडलं आणि बाहेरच्यांना हाका मारल्या.

"देवानं तं तवाच ऐकलं," ती मला म्हणाली, "आता मानसंबी ऐकतीन."