फ्लेमिंगोची हळद उतरवताना

आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. आमच्या म्हणजे खाडीकाठच्या उलव्याच्या. मी मूळची भंडाऱ्याकडची, पण इथल्या इतक्या नवऱ्या-नवरदेवांची हळद मी कॉम्प्युटरवर उतरवलीय की 'आमच्या' म्हणायला आता कुणाची हरकत नसावी.

हळदीच्या फोटोत सगळंच पिवळं येतं. मांडव पिवळा, दिवे पिवळे, साड्या पिवळ्या, त्यामुळे नवरीच्या आत्यापासून मांडवाच्या खांबापर्यंत सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते. त्यावर उपाय म्हणून मी एक तयार बटण करून ठेवलंय. ते दाबलं की पिवळेपणा जातो, चेहरा उजळतो, नाकावरची तेलकट चमक पुसली जाते. त्याचं नाव 'हळद उतार'. फोटो उघडला की माझं बोट डोक्याला न विचारता त्या बटणावर जातं.

मी काम करते तो फोटो स्टुडिओ दादांचा. लग्नं ते पोटासाठी काढतात आणि पक्षी जिवासाठी. गेल्या थंडीत एकदा ते पहाटेच खाडीवर गेले, पोटरीभर चिखलात उभे राहिले आणि एक फोटो घेऊन आले. संथ पाण्यात उभी फ्लेमिंगोंची रांग, खाली पाण्यात तशीच्या तशी दुसरी रांग, आणि सगळ्यावर कोवळं ऊन. पॅन्टवरचा चिखल वाळायच्या आत त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. "बाय, आता तुजी जादू कर."

मी जादू केली. म्हणजे बोटाने केली. कोवळं ऊन पुसलं गेलं, गुलाबी पिसं उजळून पांढरी झाली, चोची गुळगुळीत झाल्या. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन वरून आल्या. स्क्रीनकडे बघून नवऱ्याला म्हणाल्या, "बगले कनाला काढले? बगले तं आपल्या गटाराव पन बसतान."

दादांनी चहा खाली ठेवला. मी बोट पाठीमागे लपवलं. पण ते नुसते म्हणाले, "हिनं माज्या पक्ष्यांची हलद उतरवली." आणि हसत सुटले.

मला धास्ती वाटत होती त्याला कारण होतं. विमानतळ आल्यापासून उलव्यात दुकानाच्या गाळ्यांना सोन्याचा भाव. एक इस्टेट एजंट आठवड्यातून निदान दोनदा पेढे घेऊन यायचा आणि बोलता बोलता टेप काढून माझं टेबल मोजायचा. "मॅडम, जरा पाय उचला. इथे सोफा बसतो का बघतो." वहिनींचं म्हणणं, गाळा भाड्याने द्यावा, लग्नाचे फोटो हल्ली लोक फोनवरच काढतात. दादांचं म्हणणं, थांबा. शेवटी दोघांची पैज लागली. खाडीच्या पक्ष्यांवर हौशी लोकांचं एक वेबपेज आहे. रविवारी ते नवे फोटो लावणार होते. दादांचा फोटो त्या पेजवर सगळ्यात वर लागला, तर वहिनी गाळ्याचं नाव काढणार नाहीत. नाही लागला, तर एजंटचा सोफा.

सोफा आला तर माझं काय, हे कुणी बोललं नाही. मी नववीत शाळा सोडलेली. बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून उलव्यात आले, पुढे भाऊजींची बदली झाली, ती दोघं गेली आणि मी या दुकानात राहिले. गच्चीवरची खोली वहिनींची, दुपारचा डबा वहिनींचा, आणि कॉम्प्युटर शिकवला दादांनी. पहिल्या दिवशी मी कीबोर्डला हात लावेना, तेव्हा ते म्हणाले होते, "बटन दाब. बिगडलं तर मी हाय." असं मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या मास्तरांच्या हिशेबाने बिघडलं म्हणजे मीच बिघडवलेलं.

आईला फोनवर एवढंच सांगितलं की एक पक्षी नीट व्हायला पाहिजे. ती म्हणाली, "आजारी हाये का? खातेत का त्याले?"

मी फोटो पहिल्यापासून केला, एक हात मांडीखाली दाबून. ऊन ठेवलं, गुलाबी ठेवला, पाण्यातली रांग जरा गडद केली. आमच्या स्क्रीनवर असा दिसला की दादा खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. पेजवाल्यांनी रविवारपर्यंत फोटो बदलायची मुभा दिली होती, म्हणून शुक्रवारीच चढवला.

आणि फोनवर उघडला तर फ्लेमिंगो फिके. उकडलेल्या कोळंबीचा रंग धुऊन वाळत घातल्यासारखे. खाली एकाने लिहिलंसुद्धा, 'दादा, पक्षी उपाशी आहेत का?'

मी घाबरून गुलाबी वाढवला. फोनवर जरा जीव आला, पण आता आमच्या स्क्रीनवर बघवेना. दादा डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "बाय, हे पक्षी हायत का वरातीतले बँजोवाले?" मग मला सुचलं की एजंटचा फोन सगळ्यात महागाचा, तो खरं सांगेल. टेबल मोजायला आला तेव्हा त्यालाच दाखवला. त्याने स्क्रीन जवळ-लांब करून पाहिलं. "मॅडम, पक्षी फुल भारी आहेत, पण पायाला काहीतरी झालंय. जांभळे वाटतात. आमच्या ब्रोशरला असे नाही चालणार." तुझ्या ब्रोशरला विचारलं कुणी, असं मी मनात म्हटलं आणि त्याचे पेढे घेतले.

फोटो एकच आणि प्रत्येक ठिकाणी तोंड वेगळं. शेवटी आमचे लग्नाचे अल्बम ज्या लॅबमध्ये छापतात, तिथे फोन केला. तिथला माणूस मोठ्याने जेवत होता. म्हणाला, "मॅडम, फाइल कुठल्या प्रोफाइलमध्ये सेव्ह केलीय? मोठ्यातच ना? तो आम्ही छपाईसाठी मागतो. नेटला छोटा लागतो, एसआरजीबी."

मी "हो हो" म्हणून फोन ठेवला. काही कळलं नव्हतं. मग बसल्या बसल्या उलगडलं. आमच्याकडे घरी धान मोजायचं माप मोठं, इथे वहिनी पेल्याने तांदूळ मोजतात. आईने चिठ्ठीत 'दोन मापं' लिहून पाठवलं आणि इथे कुणी दोन पेले शिजवले, तर चार माणसं उपाशीच राहणार. फोटोचं तसंच. माझ्या फाइलमध्ये गुलाबी मोजला होता मोठ्या मापाने, आणि माप कोणतं ते सांगणारी एक छोटी चिठ्ठी फाइलला चिकटलेली होती. पेजवर चढवताना चिठ्ठी गळाली. फोनने आपला पेला काढला, त्याने मोजलं, आणि पक्षी उपाशी दिसले. उपाशी लिहिणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले.

पण कळणं वेगळं आणि करणं वेगळं. मेनूमध्ये एकाखाली एक दोन बटणं होती, दोन्ही इंग्रजीत, दोन्हीत प्रोफाइल. वाढवलेला गुलाबी परत उतरवला, अक्षर अक्षर लावून वाचलं आणि वरचं दाबलं. झालं भलतंच. आता आमच्या स्क्रीनवरही पक्षी फिके. निदान स्क्रीन आणि फोन यांचं एकमत झालं, म्हटलं. मी मोठ्या मापाच्या धानावर नुसती पेल्याची चिठ्ठी डकवली होती.

मग ते मागे घेतलं आणि खालचं दाबलं. दाबताना "बाप्पा" म्हणून गेले. हे बटण खरंच एका मापातून दुसऱ्यात ओतून देणारं निघालं. रंग जागचा हलला नाही. अगदी भडक दोन-तीन पिसांतला गुलाबी छोट्या मापात मावेना, तेवढा सांडला. बाकी सगळा आला. मग फोटो आमच्या स्क्रीनवर पाहिला, दादांच्या फोनवर पाहिला, भाजीवालीच्या फुटक्या काचेच्या फोनवर पाहिला. सगळीकडे तेच पक्षी, तेच ऊन. दादांनी एकच विचारलं, "हलद ठेवलीस ना?" मी म्हटलं, "ठेवली." त्यांनी चढवला.

रविवारी दुपारी पेज लागलं. सगळ्यात वर कुणाचा तरी खंड्या होता, चोचीत मासा धरलेला. मी बोटाने खाली सरकत गेले. बगळा, घार, मग कसलीशी तुतवार, पुन्हा घार. आमचे फ्लेमिंगो पार तळाला होते, त्यांच्याखाली पेजच संपलं होतं. छान दिसत होते. पण तळाला.

दादा लेन्स पुसत बसले. मी उगाच हार्डडिस्कच्या वायरी गुंडाळायला घेतल्या, कारण जाताना त्या नीट द्याव्यात. तेवढ्यात एजंट आला, टेप हातातच.

वहिनी वरून उतरल्या, ओल्या हाताने. "कं झालं पैजंचं?"

"खाली लागला," दादा म्हणाले.

"दे बगू." त्यांनी पदराला हात पुसून माझा फोन घेतला. डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "यो आपल्या खाडीचा रंग. लग्न झालं तवा आमी मिठागराव जायचो, तवा असंच दिसाचं." मग त्यांनी फोन सावकाश उलटा केला, वरचं खाली, आणि दादांच्या तोंडासमोर धरला. "बगा. हाय का वरती?"

होता. तळातला फोटो आता सगळ्यात वर होता आणि खंड्या कुठेतरी खाली डोकं करून लटकत होता. गंमत म्हणजे फ्लेमिंगो तसेच सरळ उभे होते. पाण्यातली रांग वर आली होती, वरची पाण्यात गेली होती, आणि सांगितल्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

"ही चीटिंग हाय," दादा म्हणाले. पैज त्यांनीच जिंकली होती, तरी.

"तुमाला नको तं राहू द्या," वहिनी म्हणाल्या. एजंटकडे वळल्या. "भाऊ, चहा घ्या. टेप आत ठेवा. आनि गो, तू त्या वायरी कनाला गुंडालतेस? शुक्रवारी तीन घरच्या हलदी हायत."

एजंटने चहा घेतला. मग माझा फोन मागून घेतला, सरळ धरला, उलटा धरला, परत सरळ. "मॅडम, यातली वरची बाजू कोणती?"

मी वायरी सोडवायला लागले होते. म्हटलं, तुम्ही कशीही धरा.