तोरणाखाली मातीचा बैल

तेलात कालवलेल्या हिंगुळाचा वास आला की अजून डोकं तापतं. निजामाच्या अमलातला तो पोळा. ज्याचा बैल तोरणाखालून पहिला, तो गावात पहिला. पाटलाचा मानाचा बैल त्या साली मेला होता, म्हणून माजलगावच्या बाजारात घासाघीस करून आणलेली माझी कंधारी बैलजोडी, हिंगुळानं शिंगं रंगवून, मी वेशीत सर्वांत पुढं उभी केली होती. तेवढ्यात पाटलाचा गडी ताटात मातीचा बैल घेऊन आला. "सरका बे, पाटलाचा बैल हाय!" मी ओरडलो, "अन् माझ्या काय शेळ्या हायेत?" शेजारचा म्हातारा हळूच म्हणाला, "मान पाटलाचा, बाबा." कुणी हसलं नाही, सगळे बाजूला झाले. मला कुणी बोटही लावलं नाही, तरी मीच कासरा मागं ओढला आणि त्या चिखलाच्या गोळ्याला रामराम घातला. पाटील तेव्हा घरात पाय पसरून झोपला होता.